बारीक कामाची पकड

देव्हाऱ्याचे कळस लेथवर कातताना चकातून उडतात, म्हणून तू चकाची किल्ली अजून जोरात आवळतेस, हे ऐकल्यापासून मला राहवत नाही. नको गं असं करू. बारीक लाकूड आवळून टिकत नाही, ते नीट बसलं तरच टिकतं. तू जितकं आवळशील तितके चकाचे जबडे, म्हणजे जॉ, लाकडात रुततात, तिथलं लाकूड चेंबतं, आणि पटाशी जराशी अडली की नेमकं तेच चेंबलेलं टोक सैल होऊन सुटतं.

आधी चक रिकामा कर, जॉ जवळजवळ मिटव आणि मधल्या गोलाचं माप घे. चारही जॉ मिळून खरा गोल होतो तो एवढ्याच मापाला. त्याहून फार उघडले की नुसत्या जॉच्या कडा टेकतात, मधे पोकळी राहते. चौकोनी पट्टी तशीच चकात धरलीस तर त्याहून वाईट, सगळा भार तिच्या कोपऱ्यांवर. म्हणून पट्टीच्या टोकाला त्या मापाची आखूड गोल खुंटी कात आणि खुंटीच्या मुळाशी काटकोनात खांदा ठेव. हा खांदा जॉच्या तोंडावर सपाट टेकला पाहिजे आणि खुंटीचं टोक चकाच्या तळाला लागता कामा नये. तळाला लागलं की खांदा अधांतरी राहतो आणि काम डोलायला लागतं. मला विचारशील तर सगळी पकड त्या खांद्यात आहे, किल्लीत नाही.

आता तुझी खरी अडचण. कळस बारीक आणि जॉचं माप मोठं. तिथे मी बाभळीचा वाळलेला ठोकळा वापरते. त्याला चकाच्या मापाची जाड खुंटी काढायची, चकात पक्का बसवायचा आणि टेलस्टॉकला ड्रिल लावून त्याच्या बरोबर मध्यात १२ मिलिमीटरचं भोक पाडायचं. कळसाच्या पट्टीला १२ मिलिमीटरचीच खुंटी कातायची. भोकात ती हाताने दाबून जावी, हातोडी लागली तर जाड झाली, स्वतःहून घसरली तर बारीक. फेव्हिकॉल लाव आणि रात्रभर हात लावू नकोस. सकाळी कातायला घे. कळस कापून झाला की ठोकळा चकातच राहू दे, त्याच जागी पुन्हा भोक पाड, दुसरी पट्टी लाव. घाईने दोन तासांत मशीन सुरू केलंस तर ओला गोंद धोका देणार, हे ध्यानात ठेव.

या खुंट्या कातायच्या त्या दोन सेंटरमध्ये. टोकांवर कर्णरेषा मारून मध्य काढ. हेडस्टॉककडचं दातेरी सेंटर मशीनवर असताना त्याच्यावर लाकूड ठोकू नकोस, बेअरिंगला मार बसतो. सेंटर बाहेर काढ, लाकडाच्या टोकावर ठेव आणि मोगरीने बसव. टेलस्टॉकचा दाब बेताचा हवा, फार दाबलंस तर बारीक काठी मध्येच वाकते आणि थरथरते, मग पृष्ठभागावर लाटा उठतात. जुने कातारी तर बरंच काम दोन टोकांमध्येच करायचे. कामालाच दोर गुंडाळून ओढायचा, ताक घुसळताना रवीला ओढतात तसा. सावंतवाडीची लाखेची खेळणी घडवली ती कातकामाच्या याच परंपरेने. त्यांच्याकडे चक नव्हता, पण दोन्ही टोकांना आधार होता. तूही चक असला तरी टेलस्टॉक लावून ठेव, फक्त टोक पुरं करायचं तेव्हाच मागे घे.

आणि क्रम चुकवू नकोस. टेलस्टॉककडच्या टोकापासून सुरुवात, चकाकडे शेवट. जो भाग झाला तो घासून, पॉलिश करूनच पुढे सरक. मानेचा बारीक भाग कातल्यावर परत टोकाकडे पटाशी नेलीस तर ती मान मोडणारच. थरथर जाणवली तर डाव्या हाताची बोटं कामाच्या मागच्या बाजूने हलकी टेकव, टूल रेस्टपासून लांब. बोटाला चटका बसला तर समज दाब जास्त झाला.

ओढणी घरात ठेवून ये गं. वेणी आत, बांगड्या काढून, हातमोजे नकोत, तोंडावर शील्ड. किल्ली चकात विसरायची नाही. मशीन सुरू करण्याआधी हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघ, आणि सुरू करताना लाकडाच्या रेषेत उभी राहू नकोस. हे मी तुला हजारदा सांगेन.

लाकडाचं म्हणशील तर घाटाखाली उन्हाळ्यात वाळलेला साग आणि बुलढाण्याच्या पावसाळी हवेतला साग एक नाही. खुंटी हवेप्रमाणे फुगते, आक्रसते. रात्रभर चकात राहिलेलं काम सकाळी पुन्हा तपासूनच चालू कर. सागात वाळूसारखे कण असतात, धार लवकर जाते, आणि बोथट पटाशी लाकूड कापत नाही, ढकलते. बारीक काम उडतं त्यात याचा मोठा वाटा. दर दोन-तीन कळसांनंतर धार लाव.

पैसे जमले की नवी पटाशी घेऊ नकोस, बारीक जॉ घे. खामगावला दुकानात जाशील तेव्हा मशीनच्या स्पिंडलच्या आट्यांचं माप आणि चकाची कंपनी कागदावर लिहून ने. एका कंपनीचे जॉ दुसरीच्या चकाला बहुधा बसत नाहीत.