आधी चूल, मग वैल

रात्री राजमा भिजत घालायचा. सकाळी कांदा, टोमॅटो, आलं-लसूण आणि मसाल्यासकट तो स्लो कुकरच्या भांड्यात ओतायचा, बटण ‘लो’वर फिरवायचं आणि कामाला निघायचं. संध्याकाळी दार उघडताच घरभर वास. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी घरांना हा बेत चांगलाच परिचयाचा आहे. आता पुण्या-मुंबईतल्या स्वयंपाकघरांतही मल्टिकुकर आले आहेत आणि त्यांच्यावर ‘स्लो कुक’चं बटण असतं. बेत सोयीचा आहे, पण त्यात एक पायरी गाळली गेली आहे. ती गाळली तर दाणा बोटाने सहज चेपतो, रस्सा दाट होतो, चवही लागते, आणि जेवणानंतर एक ते तीन तासांत घरातली माणसं एकापाठोपाठ एक उलट्या करू लागतात.

ही बाधा शिळ्या अन्नाची नसते, तिचं कारण राजम्याच्या दाण्यातच असतं. लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं एक प्रथिन असतं. ते लेक्टिन या गटातलं. प्रयोगशाळेत ते रक्तातल्या तांबड्या पेशींना एकमेकींना चिकटवतं, म्हणून त्याला हे लांबलचक नाव मिळालं. पोटात गेल्यावर ते आतड्याच्या अस्तराला चिकटतं. त्याचं प्रमाण ‘हॉ’ या एककात मोजतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिलेल्या आकड्यांनुसार कच्च्या लाल राजम्यात ते 20,000 ते 70,000 भरतं आणि पूर्ण शिजलेल्या राजम्यात फक्त 200 ते 400 उरतं. कच्चे चार-पाच दाणेसुद्धा त्रास द्यायला पुरतात.

खरी अडचण याच्या पुढे आहे. हे प्रथिन उकळीला नष्ट होतं, पण उकळीच्या खालच्या उष्णतेला दाद देत नाही. राजमा 80 अंश सेल्सिअसपर्यंतच तापवला तर त्याची विषारी ताकद कच्च्या दाण्याच्या पाचपटीपर्यंत जाऊ शकते, असं त्याच प्रशासनाचं सांगणं आहे. आणि स्लो कुकरमध्ये रांधलेल्या पदार्थांचं आतलं तापमान मोजलं गेलं, तेव्हा ते अनेकदा 75 अंशांच्या वर गेलेलंच नव्हतं. म्हणजे आठ तास शिजवूनही राजमा पोटाच्या दृष्टीने कच्चाच, किंवा त्याहून वाईट. दाणा मऊ होणं आणि तो निर्धोक होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ब्रिटनमध्ये 1976 साली सुट्टीवर गेलेल्या काही शाळकरी मुलांनी नुसता भिजवलेला, न शिजवलेला राजमा खाल्ला आणि ती आजारी पडली. तिथल्या डॉक्टरांचं लक्ष या विकाराकडे वेधलं गेलं ते तेव्हापासून. 1980 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने अशा घटनांवरचा लेखही छापला. जपानमधला प्रसंग याहून मोठा. 2006 च्या मे महिन्यात तिथल्या दूरचित्रवाणीवर वजन उतरवण्याचा एक उपाय दाखवला गेला: पांढरा राजमा तीन मिनिटं भाजा, पूड करा, भातावर घालून खा. तो पाहून सुमारे एक हजार लोकांना उलट्या-जुलाब झाल्याच्या तक्रारी आल्या. पांढऱ्या राजम्यात हे प्रथिन लाल राजम्याच्या साधारण तिसरा हिस्सा असतं, तरी हा परिणाम.

आपल्याकडे ही बाधा फारशी कानावर का येत नाही? श्रेय शिट्टीला आहे. प्रेशर कुकरमध्ये तापमान 120 अंशांच्या आसपास जातं आणि त्यापुढे हे प्रथिन टिकत नाही. कुकरआधीच्या काळातही आजीची रीत बिनचूक होती. कडधान्य आधी चुलीच्या मुख्य जाळावर रटरटून उकळायचं आणि मग भांडं वैलावर सरकवायचं. वैलावरच्या मंद आचेवर आमटी दुपारपर्यंत मुरत राहायची. स्लो कुकर म्हणजे विजेवर चालणारा वैल. चुलीवरची उकळी वगळून थेट वैलावर चढवलेलं कडधान्य आजीने घरच्यांच्या ताटात वाढलं नसतं.

या यंत्राचा जन्मही अशाच एका वैलातून झाला. शिकागोचे अभियंता आयर्विंग नॅक्सन यांच्या घरी लिथुआनियातल्या विल्ना गावची एक आठवण सांगितली जाई. शब्बाथला चूल पेटवायची नाही, म्हणून ज्यू बायका शुक्रवारी मांस, बीन्स आणि बटाट्यांचं भांडं गावच्या बेकरीत नेऊन ठेवत आणि विझत्या भट्टीच्या धगीवर ते रात्रभर शिजे. ‘चोलंट’ नावाच्या त्या पदार्थावरून नॅक्सन यांना कल्पना सुचली. 1940 साली त्यांना पेटंट मिळालं. त्यांच्या भांड्याचं नाव होतं ‘नॅक्सन बीनरी’. पुढे ‘रायव्हल’ या कंपनीने तो व्यवसाय विकत घेतला आणि 1971 साली तेच भांडं ‘क्रॉक-पॉट’ म्हणून बाजारात आणलं. विल्नाची भट्टी आधी चांगली तापलेली असे आणि मग निवत जाई. विजेचं भांडं उलट्या वाटेने जातं. ते थंड सुरू होतं आणि तासन्‌तास हळूहळू चढतं.

तेव्हा उपाय सोपा आहे. राजमा किमान पाच तास भिजवा. ते पाणी टाकून द्या. नव्या पाण्यात गॅसवर खळखळून उकळी आल्यापासून 30 मिनिटं घड्याळ लावून उकळा, किंवा प्रेशर कुकरमध्ये मऊ शिजवून घ्या. मग मसाल्यासह स्लो कुकरमध्ये खुशाल चार तास मुरू द्या. डब्यातला राजमा आधीच पूर्ण शिजवलेला असतो, त्याला हे करावं लागत नाही. साताऱ्याच्या कोरेगाव भागातला नामांकित वाघ्या घेवडा हाही राजम्याच्याच जातीचा आहे, म्हणून त्यालाही हाच नियम लावा. तूरडाळ, मूगडाळ यांची ही काळजी नको. छोले आणि चवळीत धोका फारच कमी, तरी एक उकळी दिल्याने नुकसान काहीच नाही.

मटण आणि कोंबडीचं गणित वेगळं आहे. 5 ते 60 अंश हा जंतूंच्या वाढीचा पट्टा आणि भांड्यातलं अन्न त्यातून लवकर पार व्हायला हवं. म्हणून फ्रीझरमधलं दगडासारखं मटण तसंच आत टाकू नये, ते आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्यावं. भांडं अर्ध्यापेक्षा जास्त आणि दोन तृतीयांशापेक्षा कमी भरलेलं असावं. पहिला तास ‘हाय’वर ठेवावं. झाकण उचलून वास घेण्याचा मोह आवरावा, कारण प्रत्येक वेळी कोंडलेली वाफ जाते आणि ती परत भरायला वेळ लागतो. कोंबडीच्या सर्वांत जाड तुकड्याच्या पोटात तापमान 74 अंश व्हायला हवं. अन्नात खुपसायचा थर्मामीटर घरात असावाच, असं डॉक्टर म्हणून आग्रहाने सांगावंसं वाटतं.

स्लो कुकर जुना असेल तर त्याचीही परीक्षा घ्या. भांडं अर्धं पाण्याने भरून, झाकण लावून, ‘लो’वर आठ तास ठेवा. झाकण काढताच पाण्याचं तापमान मोजा. 85 अंशांच्या खाली असेल तर त्या कुकरची सेवा संपली.

महाराष्ट्रात आणखी एक प्रश्न आहे, वीज जाण्याचा. तुम्ही घरी असाल तर अन्न लगेच गॅसवर चढवून पूर्ण शिजवा. तुम्ही बाहेर असताना वीज गेली आणि परत आली, किती वेळ गेली ते कळायला मार्ग नाही, तर ते अन्न टाकून द्या. किलोभर मटण टाकताना जीव तुटतो हे खरं. पण कोमट रश्श्यात काही जंतू असं विष सोडून ठेवतात, जे पुन्हा उकळूनही जात नाही.

जेवण झाल्यावर उरलेला रस्सा त्याच भांड्यात ओट्यावर रात्रभर राहतो, ही सवय तर सगळ्यात आधी मोडायला हवी. जाड चिनी मातीचं भांडं उष्णता धरून ठेवतं, अन्न फार सावकाश निवतं. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जिवाणूचे बीजाणू उकळीतूनही वाचतात, आणि 43 ते 47 अंशांच्या ऊबेत तो जिवाणू दहा मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. उरलेलं अन्न उथळ डब्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी ते गॅसवर उकळवूनच गरम करा, स्लो कुकरमध्ये नाही.

एवढं सांभाळलं तर हे भांडं घराचं भलं करतं. कवळी लावणाऱ्या किंवा दात हलणाऱ्या आजोबांना मटण चावत नाही, म्हणून ते प्रथिनंच सोडतात आणि स्नायू झडत जातात. सहा-सात तास मुरलेलं मटण त्यांना जिभेने मोडता येतं. तेल फारसं लागत नाही. सुटलेली चरबी रस्सा थंड झाल्यावर वर थिजते, ती चमच्याने काढता येते. पाया सूप जरूर प्यावं, पण त्याने गुडघ्याची झीज भरून येते किंवा कॅल्शियमची गरज भागते असं समजू नये. त्यात कॅल्शियम थोडंच उतरतं.

दोन रुग्णगटांनी मात्र आपल्या डॉक्टरांशी बोलावं. मूत्रपिंडाच्या विकारात भाज्या उकळून पाणी टाकायला सांगतात, ते पोटॅशियम कमी व्हावं म्हणून. स्लो कुकरमध्ये सगळं पाणी रश्श्यातच राहतं आणि पोटॅशियमही. मधुमेहींसाठी गुरगुट्या भातापेक्षा मोकळा भात बरा, कारण तांदूळ जितका जास्त शिजतो तितकी साखर रक्तात लवकर चढते.

राजमा बाधलाच तर घाबरू नका. त्रास सुरू झाल्यापासून तीन-चार तासांत बहुतेक जण सावरतात. ओआरएस घोट-घोट द्या. घरात नसेल तर एक लिटर उकळून निववलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी कमी झाली असेल, उलटीत किंवा शौचात रक्त दिसत असेल, किंवा रुग्ण लहान मूल वा वृद्ध असेल, तर दवाखाना गाठा. आणि डॉक्टरांना काय खाल्लं एवढंच न सांगता ते कसं शिजवलं होतं तेही सांगा.

तुमचा मुलगा किंवा मुलगी परदेशात शिकत असेल आणि नव्यानेच स्वयंपाकाला लागली असेल, तर पुढच्या फोनवर एवढं नक्की विचारा: राजमा स्लो कुकरमध्ये टाकण्याआधी अर्धा तास उकळतेस ना?