हिरवी खूण दिसली तरी चार्ट वाच

अगं, आता तू अमेरिकेतल्या रुग्णालयांचे चार्ट कोड करायला बसणार. हाती मिळणारं सॉफ्टवेअर तुझं वाचून व्हायच्या आत कोड सुचवेल, शेजारी हिरवी खूणही दाखवेल. डॉक्टरांनी तो शब्द कुठल्या वाक्यात लिहिलाय हे बघितल्याशिवाय कोड घेऊ नकोस.

ओपीडीच्या चार्टवर 'खोकला, ताप, न्यूमोनियाची शंका' असं असलं की पडद्यावर न्यूमोनियाचा जे१८.९ येऊ शकतो. तो काढून टाक. बाह्यरुग्णाला शंकेचा आजार लावायचा नसतो, खोकल्याचा आर०५.९ आणि तापाचा आर५०.९ द्यायचा. भरती रुग्णाचं उलट. डिस्चार्जच्या नोंदीतही शंका कायम असेल तर, एचआयव्ही, कोविडसारखे अपवाद सोडून, आजार आहे असं धरून कोड करतात. म्हणून चार्ट कुठला, हे आधी बघ. सातासमुद्रापलीकडच्या एखाद्या बाईच्या नावावर न झालेला आजार चढला, की पुढच्या डॉक्टरांनाही तोच दिसत राहतो. मला याची फार काळजी वाटते.

मधुमेह (टाइप २) आणि किडनीचा जुनाट आजार दोन्ही लिहिलेत? मग गुंतागुंत नसलेल्या मधुमेहाच्या ई११.९ वर थांबू नकोस. डॉक्टरांनी संबंध नाकारला नसेल तर नियमाने तो धरलेलाच असतो: ई११.२२, आणि सोबत किडनीची स्टेज सांगणारा एन१८ मधला कोड.

क्लेम तपासणाऱ्या स्क्रबरने दोन प्रोसिजरची जोडी अडवली तर एनसीसीआयच्या, म्हणजे कुठल्या जोड्या एकत्र चालत नाहीत ते सांगणाऱ्या, तक्त्यात तिच्यापुढचा आकडा बघ. ० असेल तर कुठल्याच मॉडिफायरने ती सुटत नाही. १ असेल तर सुटू शकते, पण मॉडिफायर ५९ लावायचा तो शरीराची वेगळी जागा किंवा वेगळी वेळ नोंदीत असेल तरच. क्लेम पुढे सरकावा म्हणून ५९ लावणारे भेटतील. त्यांचं ऐकू नकोस.

आजारांच्या आयसीडी कोडचे मुख्य बदल १ ऑक्टोबरला येतात, प्रोसिजरच्या सीपीटीचे १ जानेवारीला, एनसीसीआयचे दर तिमाहीला. ओपीडीला भेटीची तारीख धरायची, भरती रुग्णाला डिस्चार्जची. सप्टेंबरात दाखल झालेला रुग्ण ३ ऑक्टोबरला घरी गेला तर नवे कोड लागतात. ती तारीख कोड शोधायच्या एन्कोडरमध्ये टाकूनच शोधायला लाग.

आणि नोंद अर्धवट वाटली तर डॉक्टरांना क्वेरी पाठव. 'सेप्सिस आहे ना?' असं विचारायचं नाही. लक्षणं आणि तपासण्यांचे आकडे मांड, निदान त्यांना लिहू दे.