डंगरी : डोंगरीहून निघालेला इंग्रजी शब्द



कपड्यांची इंग्रजी नावं शिकवताना आपण बहुतेक वेळा स्पेलिंग आणि अर्थ देतो, पाठ करून घेतो आणि पुढे जातो. आज त्यातला एकच शब्द नीट बघू या : डंगरी.

अर्थ : पँटलाच छातीपर्यंत येणारा भाग जोडलेला आणि खांद्यांवरून दोन पट्टे घेतलेला कपडा म्हणजे डंगरी. इंग्रजीत तो ‘डंगरीज’ असा अनेकवचनी वापरतात, ट्राउझर्ससारखाच.

उगम : मुंबईत डोंगरी नावाचा भाग आहे. नावातच डोंगर आहे. तिथल्या जाड्याभरड्या, स्वस्त सुती कापडाला डोंगरी म्हणत. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून सापडतो. तेव्हा ते कपड्याचं नाव नव्हतं, कापडाचं होतं. या कापडाची शिडं, तंबू आणि खलाशांचे कपडे होत. पुढे एकोणिसाव्या शतकात कापडाचं नाव त्यापासून शिवलेल्या कामाच्या कपड्यांना मिळालं. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या प्रसिद्ध कोशातही हा शब्द आहे. कष्टकऱ्यांचा हा पोशाख आज लहान मुलांच्या अंगावर हौसेने दिसतो.

आता एक काळजी घ्यायची. डंगरी आपल्याकडची म्हणून ‘सगळे इंग्रजी शब्द मूळचे आपलेच’ असं मुलांना सांगू नका. जीन्स हे नाव इटलीतल्या जिनोआ शहरावरून आलं. डेनिम हे फ्रान्समधल्या नीम शहरावरून आलं, असं मानतात. पायजमा इंग्रजीत गेला तो हिंदुस्थानीतून, पण मूळ फारसी : पाय आणि जामा, म्हणजे पायात घालायचं वस्त्र. शब्द व्यापाराबरोबर सगळीकडून फिरतात. इंग्रजीला घाबरणाऱ्या मुलाला एवढं कळलं तरी ती भाषा थोडी जवळची वाटते.

वर्गात करून बघा : फळ्यावर डोंगर, डोंगरी, डंगरी हे तीन शब्द एकाखाली एक लिहा. काय सारखं, काय बदललं, ते मुलांनाच शोधू द्या. मग नकाशात मुंबई, जिनोआ आणि नीम दाखवा. मुंबई आणि जिनोआ ही बंदरं आहेत, हेही मुलांच्या लक्षात आणून द्या. घरी पालकांनी मुलांच्या कपाटातला एखादा कपडा घेऊन ‘याचं नाव कुठून आलं असेल?’ एवढंच विचारावं. उत्तर लगेच सांगू नये. मुलांबरोबर बसून शब्दकोश उघडावा.