अळवावरील पाणी

अळवाचे पान गुळगुळीत, म्हणून त्यावर पाणी ठरत नाही, असे वर्गात सांगितले जाते. ते बरोबर नव्हे. बार्थलॉट व नाइनहुइस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने कमळ, अळू इत्यादींची पाने तपासून १९९७ मध्ये दाखविले, की अशा पानांचा पृष्ठभाग खडबडीत असून त्यावर मेणाचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. थेंब केवळ टोकांवर टेकतो. खाली हवा राहते. म्हणून तो गोल होऊन घरंगळतो व धूळही नेतो.

हे स्फटिक शाळेतील साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाहीत. म्हणून शिक्षकांनी अर्धे पान कोरड्या फडक्याने चांगले घासवून घ्यावे (चीक खाजरा असतो, पान चुरडू देऊ नये) व दोन्ही भागांवर थेंब सोडावेत. घासलेल्या भागावर पाणी पसरते. कारण प्रथम मुलांनाच विचारावे.