फक्कीचं बिल

बेळगावच्या दक्षिणेकडच्या एका उपनगरातल्या फुटबॉल क्लबाचा मी एकवीस वर्षं खजिनदार होतो. क्लबाचं नाव सांगत नाही. पुढे जे लिहितोय ते दोघातिघांना आवडणार नाही आणि त्यांची माझी गल्लीत रोज गाठ पडते. शाळेत गणित शिकवायचो, म्हणून हिशेबाची वही माझ्या गळ्यात पडली. मी स्वतः कॉलेजात राइट आउट खेळलो, पण कुणाच्या लक्षात राहील असं काही नाही.

इंग्लंडात व्यावसायिक लीगच्या चार पायऱ्यांखाली जे शेकडो क्लब खेळतात त्यांना 'नॉन-लीग' म्हणतात. आमच्याकडे वेगळा शब्द लागत नाही, कारण सगळे क्लब तसलेच. जिल्ह्यातले सामने, टिळकवाडीच्या लेले ग्राउंडवरच्या स्पर्धा, सुट्टीतल्या सेव्हन साइड. कागदावर आमचा क्लब म्हणजे नोंदणी केलेली संस्था, त्यामुळे मालक कोणीच नाही. प्रत्यक्षात बिलं भागवतो तो अध्यक्ष होतो आणि अध्यक्षाला सगळे शेठ म्हणतात. मी तीन शेठांची वही लिहिली. त्यातून जे कळलं ते खाली.

1. शेठ पहिला पैसा कुठे टाकतो ते बघून ठेवावं.

पहिले आमचे फौंड्रीवाले. उद्यमबागेत त्यांची भट्टी होती. फुटबॉलमधलं त्यांना फार कळत नव्हतं, ऑफसाइड तर शेवटपर्यंत कळला नाही. पहिल्या संध्याकाळी ग्राउंडवर आले आणि मॅच बघायची सोडून वाकून वाकून माती चाचपत फिरले. मी विचारलं, काय हरवलं का? "नाही सर, पोरांचे गुडघे कशानं फुटतात ते बघूलोय."

पंधरा दिवसांनी टेंपोतून ओतीव लोखंडाचा रोलर आला. त्यांच्याच भट्टीतला, एका कडेला ओतकामात फोड आलेला. गिऱ्हाईकाला असला माल देता येत नाही, आम्हाला चालत होता. मागून लाल मातीच्या खेपा आल्या. आमच्या भागातला पाऊस ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. जूनमध्ये ग्राउंडचा चिखल होतो आणि ऑक्टोबरात तो वाळतो तो म्हशींच्या खुरांचे आणि आमच्या स्टडचे ठसे घेऊनच. त्यावर रोलर फिरवायचा दिवस नेमका साधावा लागतो. अंगठा दाबला तर खळगा पडला पाहिजे, पण अंगठ्याला माती लागता कामा नये. दोन दिवस आधी फिरवला तर माती रोलरला चिकटून सोलून निघते. दोन दिवस उशीर झाला तर रोलर नुसताच वाजत जातो. हे मला पुस्तकात नाही, आमच्या माळ्याकडून कळलं. त्याचा पगार फौंड्रीवाल्यांनी पहिल्या महिन्यापासून चालू केला होता.

त्यांच्या पहिल्या वर्षाचं पान अजून माझ्याकडे आहे. माती, फक्की, गोलची जाळी, माळी, आयोडीन, कापूस. खेळाडूंच्या नावावर एक रुपया नाही. आम्ही दोन वर्षं एकही चषक आणला नाही. पण संध्याकाळी येणारी पोरं मात्र वाढत गेली. पोराचा घोटा धड राहतो म्हटल्यावर आया पाठवायला लागल्या, एवढंच त्याचं कारण.

2. फक्कीच्या बिलाकडे दुर्लक्ष करू नये.

ग्राउंडवर पांढऱ्या रेघा मारायला फक्की लागते. दोन-तीन पोत्यांचा प्रश्न. क्लबाचं काही बिनसलं की सगळ्यात आधी हे बिल थकतं, कारण ते इतकं लहान असतं की मागायलाही लाज वाटते आणि द्यायचंही लक्षात राहत नाही. मी वही उघडली की आधी तेच बघायचो.

3. बाहेरचा प्लेअर किती महाग पडला ते पाकिटावरून कळत नाही.

दुसरे शेठ निपाणीचे, तंबाखूच्या वखारीवाले. मुलांच्या शिक्षणासाठी बेळगावात फ्लॅट घेतलेला. माणूस दिलदार, आणि फुटबॉलचं वेड खरं. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बंगळूर पाचशेच्या पुढे. तेव्हा त्यांचं सगळं लहानपण कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर गेलेलं. सीमाभागातल्या पोराचा हा जुना पेच आहे. कोल्हापूरच्या संघटनेत नाव नोंदवलं तर वरचा दरवाजा वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनचा, म्हणजे महाराष्ट्राचा. बेळगावात नोंदवलं तर कर्नाटकाचा. शेठांच्या मनात आम्ही कायम पहिल्या दरवाजाशीच उभे होतो.

त्यांना आमच्या क्लबाचं पाटाकडील किंवा दिलबहार करायचं होतं. पण पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस या कोल्हापूरच्या क्लबांना मालक नाही, पेठ आहे. तालमीत वाढलेली पोरं, गणपतीची वर्गणी, हरल्यावर जेवण न जाणारी म्हातारी माणसं, हे सगळं त्या जर्सीच्या मागे असतं. तिथे परदेशी खेळाडू आला तरी तो पेठेत येऊन खेळतो. आमच्या शेठांनी स्टेडियममधला आवाज ऐकला होता, तो आवाज कुठून येतो ते बघितलं नव्हतं.

मे महिन्यातल्या स्पर्धेला त्यांनी कोल्हापूरचे चार आणि दोन नायजेरियन आणले. मॅचगणिक पाकीट. पाकिटं वाटायचं काम खजिनदाराचं, म्हणजे माझं. आम्ही जिंकलो. चषक इतका उंच की गोलकीपरच्या धाकट्या भावाला त्याच्या शेजारी उभं करून फोटो काढला. चौकात फ्लेक्स लागला, त्यावर शेठ मोठे आणि संघ बोटाएवढा. मी फायनलला घसा बसेपर्यंत ओरडलो, हे लपवत नाही.

त्या संघात आमचा डावा बॅक नव्हता. सेंट्रिंगच्या कामावर जाणाऱ्या माणसाचा पोरगा, वय एकोणीस. पाय साधारण, पण नव्वद मिनिटं आपली जागा सोडायचा नाही. तो रोज बूट कॅरीबॅगमध्ये घालून यायचा, बदली खेळाडूंच्या बाकावर बसायचा आणि मॅच संपली की बूट तसेच कोरडे घेऊन घरी जायचा. पुढच्या हंगामातही तेच. एक दिवस आला नाही. मला वाटलं आजारी असेल. पुढे खानापूर रोडला भेटला, दुसऱ्या एका क्लबाच्या जर्सीत. "सर, तिकडं खेळायला देतात," एवढंच म्हणाला. रागानंही नाही.

कमिटीच्या बैठकीत मी हा विषय काढू शकलो असतो. वही माझ्याकडे होती, आकडे माझ्याकडे होते. सहा पाकिटांच्या रकमेत माळ्याचा आणि कोचचा वर्षाचा पगार निघत होता, ही वजाबाकी मी घरी करून बघितली होती. बैठकीत बोललो नाही. चषक टेबलावर होता आणि पेढे आले होते.

मग एका वर्षी तंबाखूचा भाव पडला. निपाणीत हे नवीन नाही, 1981 मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक रस्त्यावर बसले ते भावासाठीच. शेठांनी हात आखडला, त्यात त्यांची चूक नव्हती. पाकिटं बंद झाली आणि सहाही जण पुढच्या मॅचला आले नाहीत, त्यांचीही चूक नव्हती. आमच्याकडे डावा बॅक नव्हता. सेंटर हाफला उभं करायला कोणी नव्हतं. रोलरवर गाजरगवत चढलं होतं.

4. तिकिटाचा खर्च कोणाला दिसत नाही.

राज्याच्या स्पर्धेसाठी बंगळूर म्हणजे राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रभराचा प्रवास. अठरा तिकिटं, दोन दिवसांचं जेवण. याचा फोटो निघत नाही, म्हणून याला देणगीदारही मिळत नाही. एकदा आम्ही जनरलच्या डब्यातून गेलो, पोरं रात्रभर उभी होती आणि सकाळी मॅच. निकाल सांगत नाही.

5. मोठ्या घरांचंही वेगळं नसतं.

हे मला उशिरा कळलं. मला वाटायचं, ही रड फक्त गल्लीतल्या क्लबांची. मग पुण्याकडे बघितलं. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी 2007 मध्ये निघाला, देशाच्या आय-लीगपर्यंत गेला. इंडियन सुपर लीग (आयएसएल) आली तेव्हा 2014 मध्ये एफसी पुणे सिटी आला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्स दोन. 2019 मध्ये एफसी पुणे सिटी गुंडाळला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. बारा वर्षांत चार क्लब आले आणि गेले. पुणे एफसीनं मात्र एक काम धड केलं होतं, पोरांची अकादमी. क्लब बंद झाला तरी अकादमीला गिऱ्हाईक होतं, ती पुणे सिटीनं घेतली. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तो त्याच अकादमीतून पुढे गेलेला.

मुंबईचा महिंद्रा युनायटेड 2005-06 ला राष्ट्रीय लीग जिंकला आणि 2010 मध्ये बंद झाला. आता शालेय फुटबॉलवर खर्च करू, असं कंपनीनं सांगितलं. त्यावेळी मला ही पळवाट वाटली होती. आता तितकी खात्री नाही.

चोर्ला घाट उतरला की गोवा. तिथल्या धेंपो क्लबानं पाच वेळा देशाची लीग जिंकली. 2016 मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो यांनी फुटबॉल महासंघाच्या धोरणावर नाराज होऊन आय-लीग सोडली. पण धेंपोनं गोव्यातलं खेळणं सोडलं नाही, पोरांचे संघ चालू ठेवले. 2024-25 च्या हंगामात ते परत आय-लीगमध्ये उभे होते. खाणीवाल्यांच्या पैशाशी आमची बरोबरी नाही, पण मला यातला क्रम आवडतो. वरचा मजला बंद केला, खालच्या मजल्यावरचा दिवा चालू ठेवला.

6. शेठ गेल्यावर ग्राउंडचा सातबारा कोणाच्या नावावर राहतो?

इंग्लंडातल्या रशडन अँड डायमंड्सची गोष्ट मी पोरांना सांगतो. 1992 मध्ये दोन लहान क्लब एकत्र करून तो उभा केला मॅक्स ग्रिग्ज यांनी, डॉक्टर मार्टेन्स बूटवाले. देखणं स्टेडियम, पगारी खेळाडू, नऊ वर्षांत नॉन-लीगमधून थेट फुटबॉल लीगमध्ये. 2005 मध्ये ग्रिग्ज बाजूला झाले. 2011 मध्ये क्लब बुडाला, पुढे ते स्टेडियमही पाडलं. चाहत्यांनी त्याच नावाचा नवा क्लब काढला आणि तळापासून सुरुवात केली. पोरं विचारतात, "आणि बूट?" बूट अजून विकले जातात.

उलट रेक्सहॅम क्लब. दोन नटांनी 2021 मध्ये घेतला, खेळाडूंवर बख्खळ पैसा ओतला, ते सगळ्या जगानं पडद्यावर बघितलं. त्यांनी पुढच्याच वर्षी मैदानाची मालकीही विकत घेतली, ते कमी लोकांनी बघितलं.

आमचं ग्राउंड आमच्या नावावर नाही. तीन शेठांपैकी एकाच्याही डोक्यात ते आलं नाही. माझ्याही नाही, तेव्हा जागा स्वस्त होती.

7. एकाच खिशावर चालणारं काम त्या खिशाबरोबर आटतं.

बेळगावच्या कॅम्पात सेंट पॉल्स शाळेचं मैदान आहे. शाळा 1856 ची. तिथे फादर एडी स्मृती शालेय फुटबॉल स्पर्धा वर्षानुवर्षं होते, शाळेचे माजी विद्यार्थी ती चालवतात. मी आमच्या शाळेचा संघ घेऊन गेलोय. कोणी एक शेठ नाही. कोणी दुबईहून पैसे पाठवतो, कोणी स्वतः उन्हात उभा राहून पाण्याच्या बाटल्या देतो. ते बघून आल्यावर मी आमच्या जुन्या खेळाडूंची यादी काढली आणि पावती पुस्तक घेऊन फिरलो. महिन्याला शंभर रुपये. पहिल्या महिन्यात सतरा जणांनी दिले. त्यात तो डावा बॅक होता. आता तो स्वतः सेंट्रिंगची कामं घेतो. त्यानं शंभर दिले आणि पावती नको म्हणाला. मी लिहिलीच.

8. दिव्यांच्या आधी माळी मागावा.

तिसरे शेठ तरुण, बांधकामवाले. मी खजिनदारकी सोडायच्या बेतात होतो तेव्हा आले. गाडीतून उतरले, ग्राउंडवर नजर टाकली आणि म्हणाले, "सर, फ्लडलाइट टाकूया. नाइट टुर्नामेंट. सगळं बेळगाव येतंय बघा." माणूस वाईट नाही, बोलतानाही डोळे चमकत होते. मी म्हटलं, लाइट नंतर बघू. आधी माळ्याचा पगार दर महिन्याच्या पाच तारखेला द्या, आणि पोरांच्या कोचचं मानधन.

ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एवढंच?"

"एवढंच. पण दर महिन्याला."

त्यांनी कुंपणाकडे बघितलं. तिथे रोलर होता, फोड आलेली बाजू वर करून. गाजरगवत मी आदल्याच रविवारी पोरांकडून उपटून घेतलं होतं. त्यांनी त्यावर हात टेकला, चटका बसला तसा काढून घेतला. उन्हात लोखंड तापलेलं होतं.

"हे कुणी दिलं?"

मी सांगितलं.

"नाव नाही ते कुठं त्यावर."

नाही म्हटलं, त्यांनी घातलं नाही.

शेठ "बघूया" म्हणाले आणि गाडीत बसले. गाडी वळल्यावर फक्कीवाला पोरगा सायकलवरून आला, मागच्या महिन्याचं बिल घेऊन. दोन पोती. मी खिशातून दिले आणि वहीत माझ्या नावावर लिहिले.