कमी दाबाचे क्षेत्र वादळ होईल काय?

मे महिन्याचा अखेरचा आठवडा कोकण किनाऱ्यावर आवराआवरीचा असतो. १ जूनपासून यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी लागू होत असल्याने होड्या वाळूवर ओढून शाकारल्या जातात, घरोघरी अगोटीची बेगमी चाललेली असते आणि शेतकऱ्याचे डोळे नैर्ऋत्येकडे लागलेले असतात. नेमक्या याच दिवसांत अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र निर्माण झाल्याचे वृत्त आकाशवाणीवरून ऐकू येते. काही जण ते नेहमीचेच म्हणून कानाआड करतात, तर काही जण वादळ आलेच असे समजून घाबरून जातात. या दोन्ही गोष्टी इष्ट नव्हेत. अशा क्षेत्राचे पुढे काय होते आणि ते कसे ओळखले जाते, याची माहिती गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकास असणे अगत्याचे आहे.

वादळाच्या पायऱ्या

समुद्रावरील उष्ण व दमट हवा वर जाऊ लागली की तेथील वायुभार भोवतालच्या मानाने उतरतो आणि सभोवतालची हवा त्या जागेकडे धाव घेते. पृथ्वीच्या परिवलनामुळे ती सरळ न जाता वळते व उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरू लागते. वर गेलेल्या बाष्पाचे ढगात रूपांतर होताना उष्णता मुक्त होते. तिच्यामुळे हवेला अधिक उठाव मिळतो आणि वायुभार आणखी घटतो. हे चक्र अखंड चालू राहिले, तर साधे कमी दाबाचे क्षेत्र पायरी पायरीने उग्र रूप धारण करते.

या पायऱ्या वाऱ्याच्या वेगावरून ठरविल्या जातात. वाऱ्याचा वेग ताशी ३१ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तोवर ते केवळ कमी दाबाचे क्षेत्र होय. ३१ ते ५० किलोमीटरपर्यंत त्यास अवदाब, ५१ ते ६२ पर्यंत तीव्र अवदाब आणि ६३ ते ८८ पर्यंत चक्रीवादळ म्हणतात. ८९ किलोमीटरपासून पुढे ते तीव्र चक्रीवादळ ठरते. चक्रीवादळाची पायरी गाठल्यावरच त्यास नाव दिले जाते.

एक समुद्र, दोन परिणाम

२०२० सालच्या मे महिन्याच्या अखेरीस अरबी समुद्रात अशी दोन क्षेत्रे जवळजवळ एकाच वेळी होती. त्यांपैकी एक ओमानच्या दक्षिण किनाऱ्यालगत होते. ते अवदाबापर्यंत पोहोचले आणि चक्रीवादळ न होताच विरून गेले. दुसरे ३१ मे रोजी लक्षद्वीपच्या परिसरात निर्माण झाले. १ जूनला त्याचा अवदाब झाला. २ जूनच्या पहाटे, पणजीच्या पश्चिमेस सुमारे २८० किलोमीटरवर असताना, ते तीव्र अवदाब ठरले आणि त्याच दिवशी दुपारच्या सुमारास चक्रीवादळ बनून त्यास ‘निसर्ग’ हे नाव मिळाले. आरंभी उत्तरेकडे सरकणारे हे वादळ पुढे ईशान्येकडे वळले आणि ३ जून रोजी दुपारी अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरहून अधिक होता.

अनुमान कसे केले जाते?

दोन क्षेत्रांच्या वाटा अशा भिन्न का होतात? हवामानशास्त्रज्ञ त्यासाठी मुख्यतः पाच गोष्टी पाहतात. पहिली, समुद्राच्या पाण्याचे तापमान. ते सुमारे साडेसव्वीस अंश सेल्सियसहून अधिक असावे लागते आणि ही ऊब केवळ पृष्ठभागी नव्हे, तर काही खोलीपर्यंत हवी. मे महिन्याच्या अखेरीस अरबी समुद्र याहून बराच अधिक तापलेला असतो. दुसरी, मधल्या थरांतील हवेचा दमटपणा. वाळवंटाकडील कोरडी हवा आत शिरली की ढगांची वाढ खुंटते. तिसरी, खालच्या व वरच्या थरांतील वाऱ्यांमधील तफावत. ती फार असल्यास ढगांचा मनोरा कलतो व मोडतो. जुलै-ऑगस्टमध्ये मोसमी वारे जोरात असताना अरबी समुद्रात चक्रीवादळे क्वचितच होतात, त्याचे हे एक प्रमुख कारण होय. चौथी, विषुववृत्तापासूनचे पुरेसे अंतर, आणि पाचवी, जमिनीपासूनचे अंतर. किनारा फार जवळ असेल, तर वाढीस अवधी मिळत नाही.

ही माहिती इन्सॅट मालिकेतील उपग्रह, किनाऱ्यावरील रडार, जहाजे आणि समुद्रात तरंगती ठेवलेली उपकरणे यांच्याकडून मिळते. ढगांचे पट्टे केंद्राभोवती कितपत गुंडाळले गेले आहेत, यावरून त्याचे बळ अजमावले जाते. भारतीय हवामान विभागाच्या दैनिक अनुमानात अवदाब निर्माण होण्याची शक्यता ‘कमी’, ‘मध्यम’ किंवा ‘अधिक’ अशा शब्दांत दिलेली असते. ‘कमी’ म्हणजे शंभरात ३३ पर्यंत, ‘मध्यम’ म्हणजे ३४ ते ६७ आणि ‘अधिक’ म्हणजे ६८ व त्याहून वर, असे समजावे. येथे ‘कमी’ याचा अर्थ ‘नाही’ असा होत नाही, हे विसरता कामा नये.

अटलांटिक महासागरात याच सुमारास वेगळा प्रश्न पडतो. तेथे मे महिन्यात काही क्षेत्रांच्या वर थंड हवा असते व ती आपली शक्ती काही अंशी उष्ण-थंड हवेतील तफावतीतून घेतात. त्यांना उपोष्ण कटिबंधीय वादळे म्हणतात. मे २०२१ मध्ये बर्म्युडाजवळ झालेले ‘ॲना’ हे या प्रकारचे होते व ते थोड्याच अवधीत विरले. तेथील वेधशाळांना वादळ कोणत्या जातीचे, हे ठरवावे लागते. आपल्यापुढील प्रश्न, ते किती वेगाने वाढेल व कोठे वळेल, हा असतो.

वेळेचे गणित

चक्रीवादळाची पूर्वसूचना चार टप्प्यांत दिली जाते. पहिली सुमारे ७२ तास आधी, दुसरी ४८ तास आधी व तिसरी २४ तास आधी देण्यात येते. जमिनीवर आल्यानंतरच्या वाटचालीचा अंदाज सुमारे १२ तास आधी देतात. आता ‘निसर्ग’चा हिशेब पाहा. कमी दाबाचे क्षेत्र निर्माण झाल्यापासून किनारा गाठेपर्यंत जेमतेम सव्वातीन दिवस लागले, आणि नाव मिळाल्यापासून केवळ एक दिवस. वादळाला नाव मिळाल्यावर तयारीस लागू, असे ज्याने ठरविले असेल, त्याच्या हाती एक दिवस आणि एक रात्रच उरली.

श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या भागांत त्या एका दुपारी नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, शाळांची छपरे उडाली, विजेचे खांब कोसळले. पोफळ नव्याने लावल्यास उत्पन्नास कित्येक वर्षे लागतात. झाडे वाचविणे कोणाच्या हाती नव्हते. परंतु हजारो माणसांना वेळीच हलविण्यात आले, म्हणून प्राणहानी मर्यादित राहिली. वादळ पुढे पुणे व नाशिक जिल्ह्यांकडे सरकले. तेव्हा घाटमाथ्यावरील गावांनीही निश्चिंत राहू नये.

याच्या उलट उदाहरण जून २०१९ मधील ‘वायू’चे. गुजरातमध्ये अडीच लाखांहून अधिक लोकांना हलविल्यानंतर ते वादळ समुद्राकडे वळले. ते स्थलांतर वाया गेले, असे म्हणणे योग्य ठरणार नाही. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ने महाराष्ट्राच्या किनाऱ्यास प्रत्यक्ष स्पर्शही केला नाही. तरी बॉम्बे हायजवळ तराफा बुडून अनेक कामगारांना जलसमाधी मिळाली.

गावाने काय करावे?

कमी दाबाच्या क्षेत्राची वार्ता येताच ग्रामपंचायतीने रोजचे हवामानवृत्त फलकावर लिहावे आणि समुद्रात असलेल्या नौकांची यादी करावी. अवदाब झाल्याचे कळताच निवाऱ्याच्या इमारतीच्या किल्ल्या कोणाकडे आहेत, पिण्याचे पाणी, कंदील व औषधे आहेत काय, हे पाहावे. कच्च्या घरांतील वृद्ध, गरोदर स्त्रिया व आजारी व्यक्ती यांची नोंद तयार ठेवावी. शिक्षकांनी मुलांना पायऱ्यांचा तक्ता समजावून द्यावा. मुलांमार्फत तो घरोघरी पोहोचतो. शेतकऱ्यांनीही वादळाचा पाऊस म्हणजे मोसमी पाऊस नव्हे, हे ध्यानी घ्यावे. २०२० साली ‘निसर्ग’ येऊन गेल्यानंतर सुमारे आठवड्याने, ११ जूनला, मोसमी वारे महाराष्ट्रात पोहोचले.

ही तयारी खर्चाची नाही आणि वादळ न आल्यास तिचे काही बिघडतही नाही. किल्ल्या जागेवर ठेवाव्यात, याद्या जपून ठेवाव्यात. पुढच्या वृत्ताच्या वेळी त्या उपयोगी पडतील.