मांजर शिकार दारात का आणते?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. वसतिगृहातील सकाळची वंदना नुकतीच आटोपली होती. इतक्यात स्वयंपाकघराच्या आसपास वावरणाऱ्या आमच्या मांजरीने एक मेलेला बुलबुल तोंडात धरून आणला, सभागृहाच्या उंबरठ्यावर ठेवला आणि ती शेजारीच अंग चाटत बसली. मुले गोळा झाली. एकाने चप्पल उगारली, दुसऱ्याने त्याचा हात धरला. सहावीतील एका मुलाने मात्र मला विचारले, "सर, आपण तिला रोज दूधपोळी देतो. तिचे पोट भरलेले असते. मग तिने त्याला का मारले? आणि मारले, तर खाल्ले का नाही?"

"अरे, तिचा स्वभावच तो," असे मी सांगून टाकले. उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. 'स्वभावच तसा' असे म्हणून कारणांचा शोध थांबविण्याची सवय किती महाग पडते, हे आपल्या समाजाला निराळे सांगावयास नको. म्हणून मी या विषयावर वाचन केले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या विद्यार्थ्याला उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रथम भूक आणि शिकार यांचा संबंध पाहू. एका लहान उंदरापासून मांजराला साधारण ३० कॅलरी मिळतात. त्याची दिवसाची गरज मात्र २०० ते २५० कॅलरींची असते. म्हणजे केवळ शिकारीवर जगणाऱ्या मांजराला दिवसाकाठी सात-आठ उंदीर लागणार. त्यातही अनेक झेपा फुकट जातात. अशा प्राण्याने भूक लागेपर्यंत स्वस्थ बसावयाचे ठरविले, तर तो उपाशी मरेल. त्यामुळे सावज दिसताच झेप घेण्याची प्रेरणा मांजरात भुकेपासून बरीचशी स्वतंत्र राहिली आहे. भूक ती तीव्र करते, पण भरलेले पोट ती पूर्णपणे शमवीत नाही.

१९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मांजरांना त्यांचे आवडते अन्न दिले आणि ती खात असताना जवळ उंदीर सोडला. मांजरांनी खाणे थांबवून उंदीर मारला, तो अन्नाच्या भांड्यापाशी आणला आणि पुन्हा आपले आवडते अन्नच खाण्यास सुरुवात केली. आमच्या उंबरठ्यावर घडले ते याहून फारसे निराळे नव्हते.

आता दुसरा प्रश्न: मारलेली शिकार घरी का आणावयाची? सर्वसाधारण समजूत अशी की, मांजर मालकाला भेट देते, किंवा शिकार न येणाऱ्या मालकाला ती शिकविते. या समजुतीला थोडा आधार आहे. पिले जरा मोठी झाली की मांजरी त्यांच्यासाठी आधी मेलेली, मग अर्धमेली आणि शेवटी जिवंत शिकार आणते. पिले त्यावरच शिकार शिकतात. परंतु नर मांजरे आणि नसबंदी झालेल्या, कधीही न व्यालेल्या माद्याही शिकार घरी आणतात. मांजर माणसाला आपले पिलू समजते, असे कोणी सिद्ध केलेले नाही. अधिक साधे स्पष्टीकरण असे की, मांजर हे लहान शिकारी आहे आणि कुत्री व इतर मांजरे त्याची शिकार हिसकावू शकतात. म्हणून ते शिकार घेऊन आपल्याला सुरक्षित वाटणाऱ्या जागी येते. तेथे भांड्यात अन्न तयारच असते, म्हणून शिकार तशीच पडून राहते. दारातला मेलेला उंदीर ही भेट असो वा नसो, त्यावरून एवढे कळते की या घराला ते मांजर आपली निर्भय जागा मानते.

शिवाय दारात येते ती सगळी शिकार नव्हे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात ५५ पाळीव मांजरांच्या गळ्यात छोटे कॅमेरे बांधून पाहणी झाली. त्यांनी मारलेल्या प्राण्यांपैकी जेमतेम एक चतुर्थांश घरी आले. जवळजवळ निम्मे जागेवरच टाकून दिले गेले. 'आमची मांजर तशी नाही' असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

ज्या स्वभावापायी त्या दिवशी चप्पल उगारली गेली, त्याच स्वभावामुळे मांजर मुळात माणसाच्या घरात आले. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी पश्चिम आशियात शेती सुरू झाली, धान्य साठू लागले, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे रानमांजर आले. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले आहे.

आपल्या महाराष्ट्रात हा संबंध सर्वांत तीव्रपणे पुढे आला तो प्लेगच्या काळात. १८९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही साथ लवकरच पुण्यात पोहोचली. रोगाचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे सापडला होता. पण तो उंदरांवरील पिसवांमार्फत माणसात शिरतो, हे सिमाँ या फ्रेंच संशोधकाने १८९८ मध्ये कराचीत दाखविले. त्याच्या आदल्याच वर्षी, १० मार्च १८९७ रोजी, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात आणले, हे आपण विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो. त्या वेळी रोग कसा पसरतो, हे त्यांना किंवा इतर कोणाला निश्चित ठाऊक नव्हते, याचाही उल्लेख त्यासोबत करावा. त्या धैर्याची उंची त्यातून अधिक कळते.

पुढे १९०८ च्या सुमारास अमरावतीचे सिव्हिल सर्जन लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी गावोगावच्या मांजरांकडे लक्ष वळविले. ज्या गावांत मांजरे पुष्कळ, तेथे प्लेग कमी, असे त्यांना आढळले आणि घरोघरी मांजर पाळावे, असा आग्रह त्यांनी वैद्यकीय नियतकालिकांतून धरला. आडवे गेले म्हणून ज्या प्राण्याला अपशकुनी ठरविले जात होते, त्याच्याकडे एक डॉक्टर मोजणी करून पाहत होता, हे मला महत्त्वाचे वाटते.

तथापि त्या निष्कर्षाची मर्यादाही सांगितली पाहिजे. मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्यापासून माणसालाही होऊ शकतो, हे पुढे स्पष्ट झाले. न्यूयॉर्कमधील कचरा-पुनर्वापराच्या एका केंद्रात ७९ दिवस कॅमेऱ्यांनी पाहणी केली, तेव्हा तेथील मांजरांनी दोनच मोठे उंदीर मारल्याचे दिसले. मांजर लहान उंदीर, पाली, सरडे, पाखरे यांच्यामागे लागते. पुण्याच्या गटारांतील थोराड घुशीच्या वाटेला ते सहसा जात नाही. उघडा कचरा आणि तुंबलेली गटारे ही माणसाची कामे आहेत. ती मांजरावर सोपविता येणार नाहीत.

मग आपण काय करावे? 'मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधावी' ही म्हण आपण नेहमी वापरतो. इंग्लंडमधील एक्झेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खरोखरच घंटा बांधून पाहिली. तिचा ठळक परिणाम दिसला नाही. मात्र भरपूर मांस-प्रथिने असलेले अन्न दिल्यावर घरी येणारी शिकार ३६ टक्क्यांनी, तर रोज पाच-दहा मिनिटे मांजराशी खेळल्यावर २५ टक्क्यांनी कमी झाली. मांजर हा पूर्णतः मांसाहारी प्राणी आहे. दूधपोळीने त्याचे पोट भरते, गरज भागत नाही. कित्येक मोठ्या मांजरांना तर दूध पचतही नाही. तेव्हा त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नातच उत्तराचा एक भाग दडलेला होता.

पालकांनी आणखी काही गोष्टी पाळाव्यात. शिकार आणली म्हणून मांजराला मारू नये. त्याला त्यातून काही उमगत नाही, ते फक्त आपल्याला भिऊ लागते. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये आणि नंतर हात साबणाने धुवावेत. घरात उंदराचे विष ठेवू नये, कारण विष खाल्लेला उंदीर मांजरालाही मारतो. पाखरू जिवंत असेल तर छिद्रे पाडलेल्या खोक्यात ठेवून पशुवैद्याकडे न्यावे. मांजराच्या दाताची लहानशी जखमही जंतुसंसर्गाने जीव घेते. पहाटे व तिन्हीसांजेला, विशेषतः पाखरांच्या विणीच्या दिवसांत, मांजर घरात ठेवावे. लसीकरण व नसबंदी करून घ्यावी.

राहिला त्या सकाळचा न विचारलेला प्रश्न: मांजरीने पहिले शील मोडले का? शील हे निवड करू शकणाऱ्यासाठी असते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. मांजरीपुढे असा विवेक करण्याचा मार्गच नाही. तिला दिलेल्या अन्नाचा, मोकळ्या सोडलेल्या दाराचा आणि उगारलेल्या चपलेचा विवेक आपल्याकडे आहे. म्हणूनच 'स्वभाव' हे मांजराच्या बाबतीत स्पष्टीकरण ठरते. माणसाच्या बाबतीत ती पळवाट होते.

आता आमच्या स्वयंपाकघरातून तिला काटे काढलेल्या, बिनमसाल्याच्या माशाचे तुकडे मिळतात. प्रश्न विचारणारा विद्यार्थी संध्याकाळी दोरीला कापडाचा बोळा बांधून तिच्याशी खेळतो. पाखरे आणणे बरेच कमी झाले आहे. उंदीर ती अजूनही अधूनमधून आणते. मुले आता ओरडत नाहीत; एक जण कागद आणतो, दुसरा खड्डा खणतो, आणि मग दोघेही हात धुऊन वर्गात येतात.